जुन्या मोटारींचें मोल

स्टुटगार्ट येथील मर्सिडीज-बेंझ कारखान्याच्या पदार्थसंग्रहालयांत ५ मे २०२२ रोजीं एका जुन्या शर्यतीच्या मोटारीचा लिलाव झाला आणि ती तेरा कोटी पन्नास लक्ष युरोंना विकली गेली. आपल्या नाण्यांत ही रक्कम त्या वेळच्या दरानें सुमारें अकराशें कोटी रुपये झाली. मोटार १९५५ सालची. आंत माणसें बसावयाचीं दोन. सामानास जागा नाहीं म्हटली तरी चालेल. आणि चालूं लागली म्हणजे आंतील उष्णता व आवाज असा कीं, शेजारीं बसलेल्याशीं बोलण्याची सोय नाहीं. ही वार्ता ऐकून शहाण्या माणसाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो 'वेड!' हा, आणि महिनाअखेरीचे दिवस असले तर दुसरा उद्गार याहून कडक असतो. परंतु एकाद्या गोष्टीस वेड म्हणून मोकळें होणें हा पुष्कळदां विचाराचे श्रम टाळण्याचा मार्ग असतो. एका माणसास वेड लागूं शकतें. पण दोन-तीन पिढ्या, अनेक देशांतील धनिक, आणि ज्यांच्यापाशीं असली मोटार घेण्याइतका पैसा सात जन्मांत येणार नाहीं असे असंख्य सामान्य रसिक, हे सारे मिळून एकाच वस्तूस अमोल म्हणूं लागले, तर त्या वेडांतहि कांहीं संगति असली पाहिजे. ती कोणती, आणि ती कळल्यावर या व्यवहाराकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

अर्थशास्त्र जाणणारे म्हणतील, यांत कोडें तें काय? वस्तु दुर्मिळ, मागणारे पुष्कळ, म्हणून किंमत भारी. डेव्हिड रिकार्डोनें १८१७ सालच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत हें सांगून ठेवलें आहे. दुर्मिळ पुतळे व चित्रें, जुनीं पुस्तकें व नाणीं, विशिष्ट मळ्यांतील द्राक्षांचें मद्य, या वस्तु कितीहि श्रम केले तरी वाढवितां येत नाहींत. म्हणून त्या निर्माण करण्यास मुळांत किती श्रम पडले याचा त्यांच्या मूल्याशीं संबंध राहत नाहीं. तें मूल्य घेणाऱ्यांच्या संपत्तीवर व आवडीवर अवलंबून असतें. एवढें सांगून रिकार्डो पुढें जातो, कारण बाजारांतील एकंदर मालांत असल्या वस्तूंचें प्रमाण फारच थोडें. अर्थशास्त्रज्ञास पुढें जाणें परवडतें. आपणांस मात्र त्या 'आवड' या शब्दापाशींच थांबलें पाहिजे. कारण नुसती दुर्मिळता म्हणजे कांहींच नव्हे. ज्या मोटारी कोणासच पसंत पडल्या नाहींत म्हणून दहा-पांच निघून बंद पडल्या, त्या तर अतिशयच दुर्मिळ. पण त्यांच्यासाठीं कोणी धांवत येत नाहीं. प्रस्तुत लेखकानें तरुणपणीं लिहिलेल्या एका पंचांकी नाटकाची साऱ्या जगांत एकच प्रत आहे. तिच्यावरहि अद्यापि कोणीं बोली केलेली नाहीं.

फेरारी २५० जीटीओ या मोटारीचें उदाहरण घेऊं. इटलींतील मारानेल्लो येथें १९६२ ते १९६४ या काळांत या जातीच्या अवघ्या छत्तीस मोटारी निघाल्या. नांवांतील शेवटचें 'ओ' हें अक्षर 'ओमोलोगातो', म्हणजे नियमानुसार मान्य झालेली, या शब्दाचें. वस्तुतः त्या वर्गांत उतरण्यास शंभर मोटारी निघालेल्या असाव्या असा नियम होता. पण ही कांहीं नवी जात नव्हे, आमच्या जुन्याच मोटारीवर चढविलेलें नवें कवच आहे, असा युक्तिवाद करून एन्झो फेरारीनें मान्यता पदरांत पाडून घेतली. आमच्याकडील वकिलांनींहि अभ्यासावा असा तो युक्तिवाद आहे. बारा नळकांड्यांचें, तीन लिटरचें, सुमारें तीनशें अश्वशक्तीचें इंजिन. आणि त्यावर मोदेना येथील स्कालिएत्तीच्या कारखान्यांत हातोडीनें ठोकून घडविलेला अल्युमिनियमचा पत्रा. सारें हातकाम असल्यामुळें दोन मोटारी अगदीं एकसारख्या सांपडत नाहींत. १९६२, १९६३ आणि १९६४ अशीं सलग तीन वर्षें या मोटारीनें आपल्या वर्गांतील जागतिक विजेतेपद कारखान्यास मिळवून दिलें. अमेरिकेंत तिची किंमत अठरा हजार डॉलरांच्या आसपास होती. आणि तेवढे पैसे मोजण्याची तयारी असली, तरी गिऱ्हाईक पसंत असल्याचें खुद्द फेरारीनें सांगावें लागे.

पुढें काय झालें? शर्यतीची मोटार ही वर्तमानपत्रासारखी असते. नवा अंक निघाला कीं कालच्याची रद्दी. इंजिन चालकाच्या पाठीमागें बसविण्याची पद्धत रूढ झाली आणि या मोटारी पाहतां पाहतां जुनाट ठरल्या. टेक्ससमधील एका हायस्कुलास यांपैकीं एक मोटार देणगीदाखल मिळाली होती. मुलांना यंत्रकाम शिकविण्याकडे तिचा उपयोग करीत. आणि १९७२ सालीं शाळेनें ती साडेसहा हजार डॉलरांना विकून टाकली. ऑगस्ट २०१८ मध्यें कॅलिफोर्नियांतील मॉंटेरे येथें याच जातीची दुसरी एक मोटार लिलावांत चार कोटी चौऱ्याऐंशी लक्ष डॉलरांना गेली.

आतां येथें दुर्मिळतेच्या सूत्राची कसोटी लागते. १९७२ सालीं या मोटारी जितक्या दुर्मिळ होत्या तितक्याच त्या २०१८ सालींहि होत्या. छत्तिसांच्या कांहीं बारा झाल्या नाहींत. त्यांचें इंजिन अधिक बलवान् झालें नाहीं. पत्रा अधिक झळाळूं लागला नाहीं. बदलली ती भोंवतालची दुनिया. ज्या काळांत मोटार रस्त्यावरून हांकीत शर्यतीच्या मैदानावर न्यावी, शर्यत जिंकावी, आणि तीच हांकीत घरीं यावें, तो काळ कायमचा संपला. मोटारीचा आकार डोळ्यानें व हातानें ठरविणारे कारागीर गेले. तें काम गणितयंत्रांकडे आलें. आणि १९६४ सालीं ज्या दहा वर्षांच्या मुलांनीं या मोटारीचें चित्र कापून भिंतीवर चिकटविलें होतें, त्यांतले कांहीं पन्नाशींत गडगंज श्रीमंत झाले. आपल्याकडे जुनी पैठणी जाळून तिच्या जरींतलें सोनेंरुपें काढून घेण्याची चाल होती. जाळणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्या दृष्टीनें तीं विटलेलीं लुगडीं होतीं, आणि तशीं नवीं विणणारे कोष्टी अजून हयात होते. ती विणकर तशी पुन्हां विणणार नाहीं हें जेव्हां कळूं लागलें, तेव्हां उरलेल्या जुन्या पैठण्यांना निराळेंच मोल आलें. दुर्मिळता मोजतां येते. ही जी दुसरी गोष्ट आहे, परत न येण्याची, तिची जाणीव व्हावी लागते, आणि ती उशिरां होते.

कोणी म्हणेल, हें सारें काव्य झालें. खरी गोष्ट सट्ट्याची आहे. सट्टा आहेच. १४ ऑगस्ट १९८८ रोजीं एन्झो फेरारी वारला आणि त्याच्या मोटारींच्या किंमती एकदम आकाशास भिडल्या. दोन-तीन वर्षांतच त्या कोसळल्या आणि कित्येकांचे हात पोळले. पण सट्टेबाज जी वस्तु घेतो ती पुढें कोणी तरी खऱ्या आवडीनें घेईल या भरंवशावर घेतो. लाट उठण्यास मुळांत पाणी असावें लागतें. तेव्हां सट्ट्यानें चढ-उतार समजतात, मूळ समजत नाहीं.

मूळ शोधण्यास उपयोगी पडेल असा एक प्रयोग इंग्लंडांतील जॅग्वार कंपनीनें नकळत करून ठेवला आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांस प्रयोगशाळा नसते, म्हणून अशी संधि आली म्हणजे आम्हांस फार आनंद होतो. या कंपनीच्या डी-टाइप मोटारीनें १९५५, ५६ व ५७ या तीन वर्षीं फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. तीच मोटार रस्त्यावर वापरण्याजोगी करून 'एक्सकेएसएस' या नांवानें पंचवीस विकावयाच्या असें ठरलें होतें. १२ फेब्रुवारी १९५७ रोजीं कोव्हेन्ट्री येथील ब्राउन्स लेनच्या कारखान्यास आग लागली आणि त्यांतील नऊ मोटारी जळून गेल्या. बाहेर पडल्या त्या सोळाच. पुढें साठ वर्षांनीं, २०१६ सालीं, कंपनीनें जाहीर केलें कीं त्या राहिलेल्या नऊ मोटारी आतां आम्ही पुऱ्या करणार. कंपनी तीच, नकाशे तेच, कामाची पद्धत शक्य तितकी जुनीच, सांगाड्यांवर क्रमांक घालावयाचे तेहि जुन्या नोंदवहींतलेच. किंमत दहा लक्ष पौंडांच्या वर. आतां ही रक्कम कांहीं थोडी नव्हे. पण मूळच्या सोळांपैकीं एकादीचें मोल याच्या कैक पटींनीं अधिक धरतात.

हें कां? नवी मोटार जुनीपेक्षां कमी वेगानें धांवते असें नाहीं. कदाचित् तिची जुळणी अधिक नेटकीहि असेल. डोळे बांधून एकाद्यास आळीपाळीनें दोहोंत बसविलें तर त्याला कोणती कोणती हें सांगतां येणार नाहीं. म्हणजे वस्तूचे जे जे गुण इंद्रियांना कळतात ते सगळे नव्या मोटारींत उतरले आहेत, आणि तरीहि किंमतीचा मोठा भाग उतरलेला नाहीं. जी उणीव राहिली ती एकच: १९५७ सालीं ही मोटार नव्हती. त्या रात्रीं आगींतून वांचण्याचा प्रसंगच तिच्यावर आला नाहीं. कारखाना सर्व कांहीं पुन्हां करूं शकतो. गेलेलीं साठ वर्षें त्याला करतां येत नाहींत.

तर मग मोल जुन्या द्रव्याचें, म्हणजे त्या काळच्या प्रत्यक्ष लोखंडाचें व पत्र्याचें आहे काय? वरवर तसें वाटतें. पण येथें दुसरें एक प्रकरण आडवें येतें, आणि तें तर इंग्लंडच्या उच्च न्यायालयांत गेलेलें आहे. 'ओल्ड नंबर वन' या नांवाची एक बेंटली मोटार आहे. १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें तिनें ल मान्सची शर्यत जिंकली. प्रत्येक शर्यतीनंतर कारखान्यांत तिचे झिजलेले भाग काढून नवे घालीत. १९३२ सालीं तिला अधिक मोठें इंजिन बसवून ब्रुकलॅंड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत उतरविलें. तेथें ती कडेच्या चढणीवरून बाहेर फेंकली गेली आणि क्लाइव्ह डन्फी हा चालक ठार झाला. त्यानंतर पुन्हां दुरुस्ती, पुन्हां नवें कवच. १९९० सालीं ही मोटार एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. आणि मग घेणारा म्हणूं लागला कीं, हिच्यांत १९२९ सालचें म्हणण्यासारखें कांहीं उरलेलेंच नाहीं, तेव्हां ही ती मोटारच नव्हे. न्यायमूर्ति ऑटन यांनीं सगळा पुरावा ऐकला. जुने भाग फारच थोडे उरले आहेत हें त्यांना दिसलें. 'मूळ', 'खरी', 'अस्सल' या शब्दांचा त्यांनीं कीस काढला. आणि अखेर निर्णय दिला तो मोटारीच्या बाजूनें. ती मोडली, जुळविली, बदलली. पण मध्यें कोठेंहि ती संपून दुसरीच मोटार सुरू झाली असें दाखवितां येत नाहीं, म्हणून ती तीच.

आमच्या वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल. राजा मिलिंद रथांत बसून नागसेन भिक्षूकडे आला तेव्हां भिक्षूनें त्याला हेंच विचारलें होतें: महाराज, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? सांगाडा, जूं, लगाम? राजा प्रत्येकास 'नाहीं' म्हणत गेला. पण त्याच ग्रंथांत पुढें रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त आहे, आणि न्यायमूर्ति ऑटन यांच्या निर्णयास तो अधिक जवळचा आहे. पहिल्या प्रहरींची ज्योत व शेवटच्या प्रहरींची ज्योत एकच आहे काय? एक म्हणतां येत नाहीं. मग निराळी आहे काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. दिवा एकच, आणि तो सारी रात्र तेवत होता. जॅग्वारच्या नव्या मोटारींत सर्व कांहीं यथातथ्य आहे, पण वात मध्यें विझलेली होती. बेंटलींत जवळजवळ कांहींच मूळचें नाहीं, पण वात विझली नाहीं. या दोन प्रकरणांवरून इतकें तरी ठरतें कीं, एवढे पैसे जे मोजतात ते द्रव्यासाठीं मोजीत नाहींत आणि आकारासाठींहि नाहींत. ते अखंड चालत आलेल्या एका वंशासाठीं मोजतात. विशेष असा कीं वंश डोळ्यांना दिसत नाहीं. तो क्रमांकांत, पावत्यांत, जुन्या छायाचित्रांत, दुरुस्तीच्या नोंदवह्यांत असतो. म्हणूनच या व्यापारांत पत्रा पाहणाऱ्यापेक्षां कागद पाहणाऱ्याचें महत्त्व अधिक.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बळकट आहे. समजा कोणीं इतकी हुबेहुब नक्कल केली, कागदांसकट, कीं ती केव्हांच उघडकीस यावयाची नाहीं. मालक जन्मभर आनंदांत राहील. मग फरक कोठें राहिला? जो फरक कोणासच कधीं कळणार नाहीं त्याला मोल देणें ही भ्रांतीच नव्हे काय? मला असें वाटतें कीं, हा आक्षेप घेणारे मनुष्यस्वभाव उलटा वाचतात. आपणांस केवळ आनंदाची भावना नको असते. ती भावना खऱ्या गोष्टीची हवी असते. परगांवीं असलेल्या मुलाचें पत्र आईला येतें. तें दुसऱ्याच कोणीं त्याच्या अक्षराचें वळण गिरवून लिहिलें, आणि तिला तें कधींच कळलें नाहीं, तर तिचें कांहीं बिघडलें नाहीं असें आपण म्हणणार आहों काय? देहूस जी 'भिजकी वही' म्हणून दाखवितात तिच्या दर्शनास लोक जातात. अभंगांचे शब्द तर छापील गाथेंत घरोघरीं आहेत. शब्दांसाठीं कोणी जात नाहीं. त्या हाताशीं, त्या काळाशीं जो धागा जोडलेला आहे त्यासाठीं जातात. मोटारीच्या बोनेटावर हात ठेवून उभा राहिलेला इंग्रज म्हातारा आणि वहीसमोर हात जोडून उभा राहिलेला वारकरी यांच्या मनांत जें चालतें तें सगळेंच सारखें असतें असें मी म्हणत नाहीं. तसें म्हटलेलें वारकऱ्यास आवडणार नाहीं, आणि इंग्रजास समजणार नाहीं. पण दोघांच्या वृत्तींत एक अंश समान आहे, आणि तो अंश हीन नाहीं.

भेद आहे तो पुढें. वही विकाऊ नाहीं. मोटार विकाऊ आहे. आणि नैतिक प्रश्न सुरू होतो तो येथें. भूतकाळाशीं असलेला धागा विकत घेणें म्हणजे काय घेणें?

वेब्लेननें १८९९ सालीं सांगितलें कीं, श्रीमंतांचा पुष्कळसा खर्च हा आपण खर्च करूं शकतों हें दाखविण्यासाठींच असतो. हें येथेंहि लागू आहे, नाहीं असें नाहीं. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्यासाठीं अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगनें जी मोटार बांधली, ती कांहीं कोणाच्या नजरेस पडूं नये म्हणून बांधलेली नव्हती. मात्र जीटीओ रस्त्यानें गेली तर शंभरांतले नव्याण्णव लोक तिला एक जुनी लाल मोटार म्हणतील. तेव्हां दाखविण्याची हौस असलीच तर ती उरलेल्या एकासाठीं. त्या एकाच्याच मताची मालकास किंमत असते ही गोष्ट निराळी.

दुसरा आक्षेप नेहमींचा: अकराशें कोटींत किती शाळा निघाल्या असत्या! या आक्षेपाचा मान राखूनहि एक गोष्ट लक्षांत आणावी लागते. नवा राजवाडा बांधला तर दगड, लांकूड व माणसांचे श्रम खर्ची पडतात. जुनी मोटार घेतली तर नवें कांहींच खर्ची पडत नाहीं. पैसा एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो. स्टुटगार्टच्या लिलावाचा पैसा तर विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे लावण्याचें कंपनीनें जाहीर केलें. एका मनुष्यापाशीं इतकी रक्कम हौसेसाठीं मोकळी असावी हें समाजाच्या दृष्टीनें निरोगीपणाचें लक्षण मी समजत नाहीं. पण मोटार ही तेथें ज्वर मोजणारी नळी आहे, तिच्यावर रागावून ज्वर उतरणार नाहीं.

मला जी गोष्ट अधिक बोंचते ती निराळी आहे. स्टुटगार्टला विकलेली ती मोटार कोणती? रुडॉल्फ उलेनहाउट या कल्पक यंत्रज्ञाच्या देखरेखीखालीं मर्सिडीजनें १९५५ सालीं ३०० एसएलआर ही शर्यतीची मोटार काढली. तिच्याच उघड्या प्रकारांत बसून स्टर्लिंग मॉस यानें त्या वर्षीं १ मे रोजीं ब्रेशा ते रोम व परत अशी हजार मैलांची 'मिल्ले मिल्या' शर्यत दहा तास सात मिनिटांत जिंकली. मेक्सिकोंतील लांब शर्यतीसाठीं म्हणून छप्पर असलेल्या दोन मोटारी तयार करावयास घेतल्या. पण ११ जूनला ल मान्स येथें पिएर लव्हे याची ३०० एसएलआर दुसऱ्या मोटारीवर आदळून प्रेक्षकांच्या गर्दींत गेली. तो स्वतः आणि ऐंशींहून अधिक प्रेक्षक प्राणांस मुकले. मागोमाग कित्येक शर्यती रद्द झाल्या, मेक्सिकोचीहि झाली. वर्षअखेर कंपनीनें शर्यतींतून अंग काढून घेतलें. छपराच्या त्या दोन मोटारी एकाहि शर्यतींत उतरल्या नाहींत. उलेनहाउट त्यांतील एक कामावर येण्याजाण्यासाठीं वापरी. म्यूनिकहून स्टुटगार्टला तो तासाभरांत पोंचला अशी आख्यायिका आहे.

म्हणजे या मोटारी दोनच राहिल्या याचें एक मोठें कारण तो अपघात. तो झाला नसता तर कदाचित् अशा दहा निघाल्या असत्या, चार आपटल्या असत्या, आणि उरलेल्यांचें मोल आजच्याहून पुष्कळ कमी असतें. वंशाला जर किंमत आहे तर त्या वंशांत हें मरणहि आलें. डन्फीचा मृत्यु जसा बेंटलीच्या चरित्रांत आला तसा. मेलेल्यांच्या नातलगांस त्यांतला छदामहि जावयाचा नाहीं. घेणाऱ्यास यांत अपराधी ठरवावें असें माझें म्हणणें नाहीं. त्यानें कोणास मारलें नाहीं. परंतु जो इतिहासासाठीं पैसे मोजतो त्याला त्या इतिहासाचीं सोयीस्कर पानें तेवढीं घेतां येत नाहींत. जिंकलेल्या शर्यतींची यादी जर त्याच्या मोटारीची शोभा वाढविते, तर लव्हेचें नांवहि त्या यादीच्या शेजारीं लिहिलेलें असावें.

आणि अशा मालकाचें कर्तव्य काय, हेंहि यावरूनच ठरतें. कांहीं मालक मोटारी जकातमाफीच्या वखारींत कुलूपबंद करून ठेवतात, आणि तीन वर्षांनीं भाव पाहून बाहेर काढतात. धागा विझूं न देण्यासाठीं जी वस्तु घेतली म्हणावयाचें तिला त्यांनीं हुंडीच्या कागदासारखी करून टाकलेली असते. दुसरे कांहीं असे आहेत कीं, इंग्लंडांत गुडवुड येथें १९९८ पासून दर वर्षीं भरणाऱ्या जुन्या मोटारींच्या शर्यतींत ते आपली कोट्यवधींची जीटीओ खरोखर पळवितात. पत्रा चेपला तर चेपूं देतात, आणि ठोकून सरळ करवितात. त्यांना लोक उधळे म्हणतात. मला ते पहिल्यांपेक्षां जबाबदार वाटतात. मोटार जें करण्यासाठीं जन्मली तें ते तिला करूं देतात, आणि तिकीट काढून आलेल्या हजारों लोकांना त्या इंजिनाचा आवाज ऐकावयास मिळतो.

स्टुटगार्टच्या लिलावांत घेणाऱ्याचें नांव जाहीर झालें नाहीं. विशेष प्रसंगीं मोटार लोकांना पाहावयास ठेवण्याचें त्यानें मान्य केलें आहे असें कंपनीनें कळविलें. तिची जोडीची दुसरी मोटार कंपनीनें विकली नाहीं. ती त्याच पदार्थसंग्रहालयासाठीं राखून ठेवली आहे.